बिननक्षीच्या म्यानातलं पातं

कीलुंग
६ मार्च १९९३

प्रिय छिउ-जू,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. इथल्या सांस्कृतिक केंद्राने माझ्या पात्यांचं प्रदर्शन ठरवलं आहे. ऑक्टोबरात, तळमजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये, पूर्ण महिनाभर. बासष्टच्या बासष्ट पाती. गोदीत चाळीस वर्षं जहाजांचे पत्रे बडवले तेव्हा कुणी हाक मारली नाही. आता सूट घातलेली माणसं घरी येऊन माझ्या हातचा कडवट चहा पितात आणि मला ‘याओ गुरुजी’ म्हणतात. तुझी बहीण सुई-लान असती तर हसून हसून तिला उचकी लागली असती.

मधल्या काचपेटीत काय ठेवायचं याचा विचार मला करावा लागला नाही. सुई-लानने माझ्या पन्नाशीला दिलेलं पायवान आदिवासींचं पातं. तुला तो दिवस आठवत असेल. घरात बारा पाहुणे, जेवणं आटोपलेली, आणि तिने निळ्या कापडात गुंडाळलेली एक लांबट वस्तू टेबलावर ठेवून म्हटलं, “बघा, ओळखता येतं का.” मी म्यान फिरवून पाहिलं. दक्षिणेच्या डोंगरात सरदारघराण्यांच्या म्यानांवर साप असतात, मुखवटे असतात. याच्यावर एक रेघ नाही. लाकूड धुराने काळंशार. मी तिथल्या तिथे सांगितलं, हे नक्षीची चाल पडण्याच्या आधीचं, निदान ऐंशी वर्षांचं जुनं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिने नुसतं हसून चहा ओतला. पुढे मी त्यावर मासिकात लेखही लिहिला, तो अजून लोक उद्धृत करतात.

आता पाटीवर गावाचं नाव हवंय. कुठून आणलंस हे तिने कधी सांगितलं नाही आणि आता विचारायला ती नाही. तू लसीच्या पेट्या घेऊन डोंगरातल्या वाड्यावाड्यांत फिरतेस. सोबत फोटो पाठवतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना दाखव, अशी साधी म्यानं कुठल्या गावाची ते विचार. एक प्राध्यापकही प्रस्तावना लिहायला तयार झाले आहेत, त्यांना घाई आहे.

फोन करू नकोस. गोदीने पेन्शन दिली, पण दोन्ही कान ठेवून घेतले.

तुझं भंगार काय म्हणतं? यंदा किती गंजके कोयते जमवलेस?

तुझा दाजी,
याओ चिंग-शान

*

नेइपू
१९ मार्च १९९३

दाजी, नमस्कार.

अभिनंदन. ‘याओ गुरुजी’ वाचून मला खरंच उचकी लागली, ताईच्या वाटणीची.

माझ्या भंगाराला नावं ठेवू नका. तुमची पाती काचेत निजलेली असतात, माझी अजून कामावर आहेत. परवाच बाजारात अननस सोलणाऱ्या बाईकडून तिची सुरी घेतली. अननसाचे डोळे काढून काढून तिचं पातं इतकं झिजलंय की उरलंय ते बोटाएवढं. तेवीस वर्षं वापरली म्हणाली. नवी सुरी हातात पडल्याशिवाय जुनी सोडेना, म्हणून मी आधी लोहाराकडून नवी करून आणली. केळीचा घड उतरवायचे दोन कोयते आहेत, आणि सुपारी चिरायचं एक एवढंसं वाकडं पातं. त्याच्या मुठीला मालकिणीच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. तुमच्या बासष्टांपैकी एकाला तरी असा खळगा आहे का, सांगा.

फोटो मिळाला. पुढच्या आठवड्यात पुलिदान गावात जायचं आहे. तिथे त्सामाक नावाचा एक म्हातारा लोहार आहे, एकोणऐंशी वर्षांचा. मोतीबिंदूने डोळे गेल्यातच जमा आहेत, तरी एकट्याने विळा तापवायला बसला आणि मनगट भाजून घेतलं. मलमपट्टीला मला जावंच लागतं. सगळं गाव त्यांना वुवु म्हणतं. त्यांच्या बोलीत आजोबालाही वुवु आणि नातवालाही वुवुच, त्यामुळे हाक मारली की घरातले निम्मे लोक ओ देतात. त्यांना विचारते. डोळ्यांनी नाही तरी त्यांची मुलगी सेलेप वर्णन करून सांगेल.

पोटाच्या गोळ्या वेळेवर घ्या.

छिउ-जू

*

नेइपू
२ मे १९९३

दाजी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. लसीकरण आणि मग डेंग्यूची फवारणी, दोन्ही एकदम आलं.

त्या फोटोचं काही नक्की कळलं नाही. वुवु त्सामाकना दिसत नाही आणि बाकीच्यांना आठवत नाही. मला वाटतं, तुम्ही दुसरं एखादं पातं मध्ये ठेवावं. तुमच्याकडे तायाल लोकांचं ते पोकळ मुठीचं आहे ना, दांडा खोचला की भाल्यासारखं होणारं? लोकांना बघायला ते जास्त आवडेल. ताईचं घरीच असू दे. घरची वस्तू घरी बरी.

इकडे आंबे यंदा लवकर उतरले. एक पेटी रेल्वेने पाठवली आहे.

छिउ-जू

*

कीलुंग
११ मे १९९३

छिउ-जू,

आंबे मिळाले. गोड होते. पत्र गोड नव्हतं.

मी चाळीस वर्षं पोलादात काढली आहेत. माझ्या संग्रहात मधोमध काय शोभतं हे मला एका नर्सने सांगायची गरज नाही. सहा आठवडे थांबवलंस आणि सांगितलंस काय, तर ‘घरची वस्तू घरी बरी’. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. तुझं अक्षरसुद्धा तिरकं झालंय.

मग स्पष्टच लिहितो. सुई-लान गेली त्याच्या तेराव्या दिवशी तू माझ्याकडे तेच पातं मागितलं होतंस. मी दिलं नाही. तेव्हा तू काही बोलली नाहीस, पण ते तुझ्या मनातून गेलेलं नाही. आज ते काचेत बसणार, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येणार, हे तुला बघवत नाही. सहा वर्षं राग धरून ठेवायचा तर निदान तसं सांगायचं.

प्राध्यापक पुढच्या महिन्यात येत आहेत. प्रस्तावनेचं पहिलं पान याच पात्यावर आहे. गावाचं नाव मिळालं नाही तर ‘गाव अज्ञात’ असं छापू.

याओ

*

नेइपू
३ जून १९९३

दाजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा रडत, आणि तिसऱ्यांदा वाचताना ठरवलं की आता लपवायचं नाही. तुम्ही प्राध्यापकांसमोर उभे राहाल आणि नंतर कुणीतरी परका येऊन तुम्हाला पाडेल, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

मार्चच्या शेवटी मी पुलिदानला गेले. वुवुंच्या मनगटाची पट्टी बदलली आणि फोटो सेलेपच्या हातात दिला. ती वर्णन करू लागली. साधं म्यान, एका अंगाने उघडं, त्यावर तारेचे पाच आडवे टाके. वुवुंनी तिला मध्येच थांबवलं.

“मुठीच्या तोंडाशी पितळी तार आहे का? वेढे मोज.”

सेलेपने मोजले. सात.

“माझं आहे,” ते म्हणाले.

मला हसू आलं. मी म्हटलं, वुवु, हे पातं ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं आहे, माझे दाजी मोठे जाणकार आहेत.

“असं? मग मी जन्मायच्या आधीच केलं असेल,” ते म्हणाले, आणि सेलेपला त्यांनी दारूचा पेला भरायला सांगितला.

मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. चौदा वर्षांपूर्वी, थंडीच्या अखेरीला, खालच्या सपाटीवरची एक बाई चालत गावात आली. केस आखूड, पायात पुरुषी बूट. तिने सांगितलं की तिला नवऱ्यासाठी एक पातं करून हवंय. वुवुंनी नाही म्हटलं, कारण त्यांचा भाता ओढणारा पुतण्या तेव्हा तापाने पडला होता. त्यावर तिने बाह्या वर केल्या आणि म्हणाली, “मी ओढते.” तीन दिवस ओढला. तळहात सोलून निघाले, त्यावर सेलेपने पाला वाटून लावला. पोलाद कशाचं, तर दरीत कोसळलेल्या एका लाकडाच्या ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचं. म्यानावर नक्षी का नाही हेही मी विचारलं. ते म्हणाले, “साप आणि चेहरे सरदारांच्या घरचे. ती त्या घरची नव्हती आणि मीही नाही. दुसऱ्याच्या घरचं चिन्ह मी कुणाच्या कमरेला कसं बांधू?” म्यान ओलं होतं म्हणून त्यांनी ते चाळीस दिवस चुलीवर टांगलं. काळं पडलं ते त्या धुराने.

तिसऱ्या दिवशी त्या बाईने घणसुद्धा मागितला. त्यांनी दिला. तिने एकच घाव घातला, तो तिरका गेला आणि मुठीत जाणाऱ्या पात्याच्या शेपटावर बसला. वुवु म्हणाले, ती खूण त्यांना घासून काढता आली असती, पण मुठीखाली झाकली जाणार होती म्हणून राहू दिली.

तेव्हा ताईने मला सांगितलं होतं की ती देवळांच्या सहलीच्या बसने तायतुंगला चालली आहे. परत आली तेव्हा हातांना पट्ट्या होत्या. बसचं दार लागलं म्हणाली. मी नर्स, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

तुम्हाला सांगायला मी दोन महिने का लावले? तुमचा लेख खोटा पडेल म्हणून थोडं, आणि ताईची शेवटची गोष्ट तुमच्या हातून काढून घेतल्यासारखं वाटेल म्हणून जास्त. मी चुकले. तुम्ही ताईचे नवरे आहात, पोर नाही.

राहिली तुमची ती तेराव्या दिवसाची गोष्ट. तिचं उत्तर नंतर कधीतरी देईन. आज नाही.

छिउ-जू

*

कीलुंग
८ जुलै १९९३

प्रिय छिउ-जू,

महिन्याभरात चार पत्रं लिहून फाडली. पहिल्या पत्रात मी सिद्ध केलं होतं की तुझा लोहार थापा मारतोय. मुद्दे चांगले होते. टपालात टाकायला निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

मी गोदीत नव्या पोरांना काय शिकवायचो माहीत आहे? पोलाद ओळखायचं तर तोंड बंद ठेवा आणि ठिणगी बघा. चाकावर धरलं की जुन्या लोखंडाची ठिणगी लांब आणि मंद, स्प्रिंगच्या पोलादाची फुलबाजीसारखी फुटते. दोन मिनिटांचं काम. या एका पात्यावर मी ते चौदा वर्षांत केलं नाही. ज्याला खात्री असते तो तपासत बसत नाही, आणि माझी खात्री तर बारा माणसांनी टाळ्या वाजवून पक्की केलेली.

मूठ गरम पाण्यात धरून आतली राळ सैल केली. निघायला पूर्ण दुपार गेली. शेपटाचं टोक चाकाला लावलं. ठिणगी फुलबाजीसारखी फुटली.

मग खूण शोधली. पात्याच्या डाव्या अंगाला, करंगळीच्या नखाएवढी, घणाची कड बसलेली. तिरकी. तुला माहीत आहे, ती खिळा ठोकायची तोही असाच, मनगट बाहेर काढून. भिंतीचं प्लॅस्टर पडायचं आणि मी ओरडायचो. मी त्या खुणेवर अंगठा ठेवून बसलो, शेजारणीने दार वाजवलं ते मला ऐकू आलं नाही, आणि शेवटी ती खिडकीतून आत डोकावली तेव्हा तिला वाटलं मी आजारी आहे.

दुसऱ्या दिवशी तायपेइला जाऊन प्राध्यापकांना तोंडावर सांगितलं की माझा लेख चुकीचा आहे. ते आधी माझी समजूत घालायला लागले, शंका दोन्हीकडून असतात वगैरे. मी म्हटलं, साहेब, शंका नाही, माझ्या बायकोने घातलेला घाव आहे. प्रस्तावना आता ते लिहिणार नाहीत. बिघडलं नाही, मी लिहीन.

तुला जे लिहिलं ते मी परत घेतो. माफी मागायची मला सवय नाही, तेव्हा ही पहिलीच समज आणि जपून ठेव.

मला त्या लोहाराला भेटायचं आहे. केव्हा येऊ?

याओ

*

नेइपू
२ ऑगस्ट १९९३

दाजी, नमस्कार.

माफी कपाटात ठेवली आहे, कोयत्यांशेजारी.

वादळात पुलिदानचा रस्ता तुटला होता, आता मोटारसायकल जाते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात या. मी सोबत येणार नाही. शाळांचं लसीकरण आहे, आणि शिवाय तुम्ही एकट्यानेच गेलेलं बरं. फाट्यावर सेलेप घ्यायला येईल. पन्नाशीची, ठेंगणी, विडा खाऊन लाल ओठ. बोलायची काळजी करू नका, वुवु तुमच्यासारखेच जपानी अमदानीतल्या शाळेत छड्या खाल्लेले आहेत, ती भाषा दोघांनाही येते. मोठ्याने बोलतात, तुम्हाला ऐकू जाईल.

सुपारी आणि दारू न्या. पातं तर न्याच. आणि तिथे व्याख्यान देऊ नका.

छिउ-जू

*

कीलुंग
१४ सप्टेंबर १९९३

प्रिय छिउ-जू,

व्याख्यान दिलं नाही. द्यायला वाव मिळाला नाही.

एक बहिरा आणि एक आंधळा, त्यात भाषा पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळेतली. सेलेप दारात बसून आमच्याकडे बघत होती आणि हाताने हसू झाकत होती. मी पिशवीतून पांढरे हातमोजे काढले, ते घातले आणि पातं वुवुंच्या हातात दिलं. त्यांच्या बोटांना कापड लागलं.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की हाताचा घाम लागून गंज चढतो, म्हणून मी नेहमी मोजे घालतो, आणि महिन्यातून एकदा पात्याला तेल देतो. त्यांनी अंगठा धारेवरून आडवा फिरवला, मुठीपासून टोकापर्यंत. मग परत फिरवला. मला वाटलं, कौतुक करतील.

“चौदा वर्षं झाली. एक खाच नाही, एकदा दगडावर घासल्याची खूण नाही. मी काय वाईट केलं होतं का हे?”

मी म्हटलं, उत्तम केलं आहे, म्हणूनच तर जपलं.

“माझी सून आजारी पडली तर मी तिला जपतो. पातं आजारी होतं का?”

अंगणात डुकराची तंगडी टांगलेली होती, पाहुणा येणार म्हणून. त्यांनी ती ओंडक्यावर ठेवायला लावली आणि मला म्हणाले, तोड. छिउ-जू, माझा हात उठेना. संग्रह करणाऱ्या माणसाला विचार, मी खोटं सांगत नाही. मी म्हटलं, हे माझ्या बायकोचं आहे. ते म्हणाले, “मला माहीत आहे कुणाचं आहे. तिने तीन दिवस माझं डोकं खाल्लंय. मोजे काढ.”

काढले. पहिला घाव भित्रा पडला, हाडाला लागून थांबला. दुसऱ्याला हाड तुटलं. तिसऱ्याला पातं आरपार जाऊन ओंडक्यात रुतलं, आणि ते मनगटातून खांद्यापर्यंत जाणवलं तसं गोदी सोडल्यापासून मला काही जाणवलं नव्हतं. सगळी तंगडी तोडली. सेलेप बस म्हणाली तेव्हा थांबलो.

जेवताना मी त्यांना जे विचारायला गेलो होतो ते विचारलं. मला जुनीच पाती आवडतात हे माहीत होतं, तर तिने जुनं का नाही शोधलं?

ते म्हणाले, ती भाता ओढताना सांगायची. ‘माझा नवरा मेलेल्या माणसांची पाती गोळा करतो. त्याला एक असं द्यायचंय की ते करणाऱ्याला तो जाऊन भेटू शकेल. त्याला ओळखू देणार, तो फार हुशार आहे, लगेच ओळखेल की नवीन आहे. मग मी त्याला इथे घेऊन येईन.’ वुवुंनी माझ्यासाठी राळ्याच्या दारूचा एक घडा बाजूला ठेवला होता, छिउ-जू. त्या पावसाळ्यात ती एकटीच आली. त्यांनी विचारलं, नवरा कुठाय? तर म्हणाली, ‘त्याने चार लोकांत ऐंशी वर्षं म्हणून सांगून टाकलं, आता मी त्याला कसं खाली पाडू? विचारील एक दिवस.’ आणि हसत होती म्हणाले. दोघांनी तो घडा मग तिथेच संपवला.

आठ वर्षं ती वाट बघत होती की मी विचारीन. मी लेख लिहीत होतो.

परतीच्या गाडीत मला रडू आलं, ते आलं आणि गेलं. नंतर जे वाटत राहिलं ते दुःख नव्हतं. इतकी वर्षं एक बाई आपल्यासाठी भाता ओढत होती, हे कळल्यावर माणूस ताठ बसतो.

इकडे केंद्रातले लोक म्हणतात, चौदा वर्षांचं पातं मध्ये ठेवता येणार नाही, लोक जुनं बघायला येतात. मी म्हटलं, मग बाकीची एकसष्टही घरी राहतील, तुम्ही हॉलमध्ये कुंड्या ठेवा. दोन दिवसांनी होकार आला.

याओ

*

नेइपू
२६ सप्टेंबर १९९३

दाजी,

आता तेराव्या दिवसाचं उत्तर देते. मी ते पातं मागितलं कारण ताईच्या सगळ्या वस्तू तुम्ही दोघांनी मिळून घेतलेल्या होत्या. ती एकच अशी होती जी तिने एकटीने, कुणाला न विचारता निवडली. मला तिच्या मनासारखं झालेलं काहीतरी हवं होतं. आता तुमचं पत्र आलं, ते मला पुरेसं आहे. पातं तुमच्याकडेच राहू दे, फक्त आता त्याला कामाला लावा.

वुवु विचारत होते, तो बहिरा परत कधी येणार. तो मनगट भाजणारा विळा सोडला तर त्यांची भट्टी सहा वर्षं थंड आहे, पुतण्या काओश्युंगला इमारतींच्या कामावर गेला तेव्हापासून. हात शाबूत आहेत, तापलेल्या लोखंडाचा रंग अजून उजेड-अंधाराइतका कळतो म्हणतात, आणि उरलेलं सेलेप सांगते. पण घण घालायला दुसरा माणूस लागतो. मी त्यांना म्हटलं, माझे दाजी चौसष्ट वर्षांचे आहेत. ते म्हणाले, “पोरगाच आहे की.”

मी फक्त निरोप दिला. माझं मत विचारू नका, कारण ते तुम्हाला आधीच कळलंय.

छिउ-जू

*

पुलिदान
२२ डिसेंबर १९९३

प्रिय छिउ-जू,

तू वीस मैलांवर आहेस आणि रविवारी येणारच आहेस, तरी लिहितो. तोंडी सांगायला गेलो तर सेलेप मध्ये बोलेल.

प्रदर्शनाची पाटी तुला पाठवायची राहिली. शेवटी अशी लावली होती: ‘पातं त्सामाक यांनी केलं, पुलिदान, १९७९. भाता फुंग सुई-लान यांनी ओढला. वय चुकीचं सांगितलं याओ चिंग-शान यांनी.’ लोक त्या पेटीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबत. बाकीची एकसष्ट पाती मी केंद्रालाच देऊन टाकली, ते सांभाळतील. किल्ल्या दिल्या आणि घरी जाऊन सामान बांधलं. चाळीस वर्षांचं सामान दोन पेट्यांत मावलं.

इथलं काम तुला वाटतं तसं अवघड नाही, त्याहून जास्त अवघड आहे. वुवु हातोडीने ऐरणीवर एकदा टिचकी मारतात म्हणजे घाव तिथे, दोनदा मारली म्हणजे जोरात, ऐरणीच्या कडेला घासली म्हणजे थांब. मला ऐकू येत नाही, म्हणून मी डावा पाय ऐरणीच्या ओंडक्याला टेकवून ठेवतो. टिचकी टाचेतून कळते. पहिले दोन आठवडे ते रोज संध्याकाळी म्हणायचे की गोदीत तुला पगार कशाचा देत होते. मग एक दिवस म्हणायचे थांबले.

मागण्या येताहेत. तायपेइहून दोघे संग्राहक आले होते, चांगली माणसं, पूर्वी माझ्याकडे चहाला यायची. वुवुंनी विचारलं, याने काय कापणार? ते म्हणाले, भिंतीवर लावणार. वुवु म्हणाले, मग भिंतीला घेऊन या, तिच्या हाताचं माप लागेल. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडून आलो.

आमचं पहिलं पातं काल पूर्ण झालं. कोयता आहे, टोकाला वाकलेला, खालच्या वाडीतल्या कुई नावाच्या शेतकऱ्यासाठी. त्याला बांबूचं बेट साफ करायचं आहे. सकाळी तो आला. बोलणारा माणूस नाही. कोयता हातात घेऊन जोखला, कुंपणाबाहेरचा मनगटाएवढा बांबू धरला आणि एका घावात तिरका उतरवला. कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. मग ओसरीवर अळकुड्यांची एक गोणी ठेवली, वुवुंच्या खांद्याला हात लावला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि कोयता कमरेला खोचून उताराला लागला.

मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. बासष्ट पाती मिळवायला मी या बेटाच्या दोन्ही टोकांपर्यंत गेलो होतो, आणि प्रत्येक मिळालं की पहिला विचार एकच यायचा, आता हे कुठे जाणार नाही. कुई वळणावर दिसेनासा झाला. तो कोयता मला आता पुन्हा कधी बघायला मिळेल न मिळेल. एक-दोन वर्षांत त्याला खाचा पडतील, दगडावर घासून घासून तो निम्मा होईल, आणि मग कुई दुसरा मागायला येईल.

आतून ऐरणीवर टिचकी पडली असावी, कारण सेलेपने येऊन माझी बाही ओढली. लोखंड तापलं होतं. मी मोजे घालत नाही आता, तेव्हा रविवारी येताना फोडांवरचं मलम आण, मोठी डबी.

तुझा दाजी,
चिंग-शान